सोलापुरी चादरीतला रोमन

आमच्या गल्लीतल्या चौदा घरांपैकी तेरा घरांच्या सह्या झाल्या होत्या. राहिले होते फक्त शेजारचे अण्णा. म्हणून मी सकाळी सातलाच कागद आणि पेन घेऊन मेंदीच्या कुंपणापाशी उभी राहिले. त्या वेळेला अण्णा जास्वंदीला पाणी घालतात आणि हातात पाइप असल्यामुळे त्यांना पळून जाता येत नाही.

कागद साधा होता. कोपऱ्यावरच्या बंगल्याचे मालक पुण्याला असतात. त्यांनी बंगला इंजिनिअरिंगच्या सात पोरांना कॉट बेसिसवर दिलाय. शनिवारी रात्री बारा वाजता त्यातल्या एकाचा वाढदिवस झाला. वाढदिवस म्हणजे केक मोटरसायकलच्या सीटवर ठेवून कापला, निम्मा तोंडाला फासला, मग अंडी, मग तो पांढऱ्या फेसाचा फवारा, मग स्पीकर. सकाळी बघते तर माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर अंड्याची टरफलं. निवृत्त हेडसरांनी लगेच मजकूर तयार केला, ‘सदर विद्यार्थ्यांना तात्काळ जागा खाली करण्यास सांगावे.’ हेडसरांच्या मराठीत सगळे ‘सदर’च असतात.

अण्णांनी पाइप कुंडीत सोडला, कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “वैनी, आमचे हेडसर म्हणजे अगदी डीन वर्मर!”

“ते कोण? तुमच्या अमेरिकेतले?”

“अमेरिकेतलेच. पण सिनेमातले.”

झालं. अण्णा एकदा १९७८ सालात शिरले की पोहे निवेपर्यंत बाहेर येत नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. ते त्या साली ऑगस्टमध्ये एम.एस. करायला तिकडे गेले. त्याच्या महिनाभर आधी, जुलैच्या अखेरीस, ‘अ‍ॅनिमल हाउस’ नावाचा सिनेमा लागला होता. अण्णांनी उतरल्यावर तिकडे पाहिलेला पहिला सिनेमा हाच. तिकिटाचे पैसेही खोलीवरच्या आंध्रवाल्या मित्राने भरले होते, हे ते अजून प्रत्येक वेळी सांगतात.

गोष्ट १९६२ मधली. फेबर नावाचं खोटंच कॉलेज. तिथे दोन घरं, एक ओमेगावाल्यांचं आणि एक डेल्टावाल्यांचं. ओमेगातली पोरं इस्त्रीची, श्रीमंत, डीनच्या गळ्यातला ताईत. डेल्टातली पोरं म्हणजे दारू, दंगा आणि नापास. त्यांना हाकलायचं म्हणून डीन वर्मर त्यांना शिस्तभंगाच्या निगराणीखाली ठेवतो. तीही साधी नाही, दुहेरी गुप्त! इतकी गुप्त की पोरांनाही तिचा पत्ता नाही. “तुमचा हा कागद त्या पोरांना दाखवलाय का कुणी?” अण्णांनी मधेच विचारलं. दाखवला नव्हता.

“पण ही घरं म्हणजे होस्टेल का?” मी विषय वळवला.

“होस्टेल नव्हे, फ्रॅटर्निटी.” मग त्यांनी मला समजावलं. ग्रीक अक्षरांची नावं, स्वतःचं घर, स्वतःची मेस, वर्गणी. आत घ्यायचं की नाही हे जुनी पोरं ठरवणार, घेतल्यावर नव्यांचा छळ करणार आणि एकदा आत गेला की जन्मभराचा भाऊ.

“म्हणजे तालीम मंडळच की.”

“तालीमच. फक्त आखाड्याच्या जागी दारूचं पिंप.”

आता इथे मला अण्णांचं थोडं कौतुक वाटतं. बाकीचे लोक असल्या सिनेमाबद्दल बोलताना दंगाच सांगतात. कॅन्टीनमधली अन्नाची फेकाफेकी, चादरी गुंडाळून केलेली पार्टी, डीनच्या ऑफिसात नेलेला घोडा. अण्णांनी सुरुवात केली ती सोफ्यापासून.

सिनेमाच्या सुरुवातीला लॅरी आणि केंट ही दोन नवी पोरं ओमेगाच्या घरी जातात. त्या दिवशी सगळी घरं नव्या पोरांना बघायला बोलावतात, आपल्याकडे मुली बघायचे तसं. लॅरी किरकोळ, केंट गुबगुबीत. दारातला हसून हात मिळवतो आणि म्हणतो, या, तुमची ओळख करून देतो. असं म्हणून त्यांना थेट कोपऱ्यातल्या सोफ्यावर नेऊन बसवतो. तिथे मोहम्मद बसलाय, जगदीश बसलाय, आणखी अशीच दोघं बसलीत, ज्यांना घ्यायचं नाही हे आधीच ठरलंय. ही दोघं उठून जरा गर्दीत जातात की दुसरा कुणी तितकाच गोड हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि परत त्याच सोफ्यावर आणून सोडतो.

“जगदीश?” मी म्हणाले. “आपला?”

“आपलाच. वैनी, थिएटरात सगळे पोट धरून हसत होते आणि मला घाम फुटला होता. कारण बरोबर दोन आठवड्यांपूर्वी मी त्या सोफ्यावर बसून आलो होतो.”

खरंच बसून आले होते. त्यांच्या विद्यापीठातल्या अशाच एका घरानं ‘सगळ्यांनी यावे’ असा कागद चिकटवला होता. अण्णांना इंग्रजी येत होतं, त्यामुळे त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. आईनं शिवून घेतलेला कोट घालून गेले. दर वीस मिनिटांनी कुणीतरी येऊन त्यांचा हात हलवायचं, नाव विचारायचं, ते नीट सांगायच्या आत “वा, छान” म्हणायचं आणि आंध्रवाल्या मित्राशी ओळख करून द्यायचं. “अहो, आम्ही एका खोलीत राहत होतो! रात्रभरात आमची एकमेकांशी चार वेळा ओळख झाली.”

एवढं सांगून अण्णा खो खो हसले. मीही हसले. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी हसणारच की माणूस.

सिनेमातल्या त्या दोघांचं पुढे बरं होतं. ती डेल्टाच्या घरी जातात. तिथे खिडकीतून एक पुतळा बाहेर फेकला जातो, ब्लूटो नावाचा जाड्या हिरवळीवर लघवी करता करता वळतो आणि यांच्या बुटांवर शिंतोडे उडतात, आणि आत या म्हणतो. रात्री डेल्टावाले भिंतीवर फोटो टाकून कुणाला घ्यायचं ते ठरवतात. केंटचा फोटो येताच सगळे हूट करतात, बियरचे डबे फेकतात. मग एक जण शांतपणे आठवण करून देतो की आपल्याला वर्गणीची गरज आहे. केंट आत! मला हे फार आवडलं. तत्त्व वगैरे काही नाही, मंडळाच्या तिजोरीत खडखडाट आहे म्हणून माणुसकी. आत घेतल्यावर लगेच टोपणनावं पडतात. केंटचं नाव एका चपट्या माशावरून आणि लॅरीचं पिंटो. आमच्या गल्लीत तीन पिंट्या आहेत, मी लगेच ओळखलं.

एवढ्यात माई चहा घेऊन आल्या. नवऱ्याचं तोंड बघूनच त्यांना कळलं. “चादर सांगितली का?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन फोटो घेऊन आल्या.

तो फोटो सांगायलाच हवा. सिनेमा लागला आणि त्या वर्षी तिकडच्या कॉलेजांत टोगा पार्टीची साथ आली. टोगा म्हणजे जुने रोमन लोक अंगाभोवती गुंडाळायचे ते पांढरं वस्त्र. पोरं पलंगावरची चादर ओढायची, खांद्यावर गाठ मारायची, डोक्याला पाल्याची माळ बांधायची की झाला सीझर. अण्णांच्या वसतिगृहातही ठरलं. अण्णांकडे पांढरी चादर एकच होती आणि तिच्यावर सांबार सांडलेलं होतं. मग पेटीतून निघाली सोलापुरी चादर. लालभडक, काठाला मोर. फोटोत सगळे वीसेक रोमन पांढरे, आणि मधोमध हा एक लाल रोमन, मिशीवाला, हातात कागदी पेला, पायात चामडी चपला. चपला मात्र त्या सगळ्यांत ह्यांच्याच खऱ्या रोमन दिसतात, कोल्हापुरी असून.

“कुणीतरी विचारलं, तू साम्राज्याच्या कुठल्या प्रांताचा? मी म्हटलं, सोलापूर. वैनी, अख्ख्या खोलीनं सोलापूरच्या नावाने आरोळी ठोकली!”

माईंनी फोटो पदराला पुसला. “ती चादर अजून आहे,” म्हणाल्या. “इस्त्रीच्या टेबलावर अंथरलीय.”

मी बँकेत छत्तीस वर्षं काढलीत, त्यामुळे मला कुठल्याही गोष्टीत आधी आकडा लागतो. अण्णांना तोही पाठ होता. सिनेमाला खर्च आला सुमारे ३० लाख डॉलर आणि नुसत्या अमेरिकेत धंदा झाला १४ कोटींच्या वर. दिग्दर्शक जॉन लँडिस तेव्हा सत्तावीस वर्षांचा. लिहिणारे तिघं, हॅरल्ड रेमिस, डग्लस केनी आणि ख्रिस मिलर. तिघांनी आपापल्या कॉलेजातली खरी पापं टेबलावर ओतली. मिलर तर डार्टमथच्या एका घरातला जुना भाऊच, त्याने ‘नॅशनल लॅम्पून’ मासिकात त्या घरच्या गोष्टी लिहिल्या होत्या. त्यातून हा सिनेमा निघाला.

आणि आकड्यातली खरी मजा डोनाल्ड सदरलँडची. सगळ्या नटांत तेव्हा मोठं नाव असलेला हा एकटाच. काम दोन-तीन दिवसांचं, एका कंटाळलेल्या प्रोफेसराचं. निर्मात्यांनी त्याला नफ्यातला वाटा देऊ केला. तो म्हणाला, वाटाबिटा नको, रोख द्या. त्याला हा सिनेमा चालेल असं वाटलंच नव्हतं. पुढे चालला तो असा, की त्या वाट्याचे कित्येक लाख डॉलर झाले असते. आमच्या मॅनेजरांनी लोकांना म्युच्युअल फंड विकताना ही गोष्ट सांगायला हवी होती.

शूटिंगला कुठलंच कॉलेज जागा देईना. संहिता वाचली की नकार. शेवटी ओरेगन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम बॉइड हो म्हणाले. त्याचं कारण ऐकून मला त्यांच्याबद्दल माया वाटली. ते पूर्वी बर्कलीला असताना ‘द ग्रॅज्युएट’ची मंडळी जागा मागायला आली होती, तेव्हा नाही म्हटलं गेलं, आणि तो सिनेमा मग केवढा गाजला. आता परत ती चूक नको म्हणून त्यांनी होकार दिला, अट एवढीच की विद्यापीठाचं नाव यायला नको. इतकंच नाही, स्वतःचं ऑफिसही वापरू दिलं. सिनेमात डीन वर्मर बसतो ते खऱ्या अध्यक्षांचं ऑफिस. म्हणजे तो घोडा तिथेच नेला. घोडा मरतो बरं का सिनेमात. केंटच्या हातात पिस्तूल दिलेलं असतं, आत नुसता बार असतो, तो छताकडे उडवतो आणि घोडा धक्क्यानेच आडवा. बिचारा घोडा! पण मी हसले, खोटं कशाला बोलू.

कारण रविवारी रात्री मी तो सिनेमा पाहिला. भाच्यानं लॅपटॉपवर लावून दिला आणि ‘आत्या, काही काही सीन पुढे ढकल’ असं सांगून स्वतः लाजून निघून गेला.

जॉन बेलुशीला बोलायला वाक्यं फार नाहीत. तो ब्लूटो. त्याचं सगळं काम भुवयांवर चालतं. कॅन्टीनच्या रांगेत तो हलत्या ट्रेमागे चालत जातो आणि दिसेल ते तोंडात, खिशात, परत तोंडात कोंबतो. जेलीचा अख्खा तुकडा एका श्वासात गिळतो. मी तो तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला. लग्नात पंगतीला बसलेले आमचे एक मामा आठवले, त्यांच्यात आणि ह्याच्यात फरक एवढाच की मामा मधे मधे ‘वाढा’ म्हणायचे. आठवड्यातले काही दिवस हा माणूस न्यूयॉर्कला टीव्हीचा कार्यक्रम करायचा आणि उरलेले दिवस देशाच्या दुसऱ्या टोकाला येऊन हे करायचा. १९८२ मध्ये नशेनं गेला, वय ३३. लिहिणाऱ्यांतला केनी १९८० मध्ये हवाईत कड्यावरून पडून गेला, त्याचंही वय ३३. पडद्यावर दोघंही आहेत, आणि किती धडधाकट दिसतात.

संगीताची गंमत मला नीट कळली ती दुसऱ्यांदा बघताना. एल्मर बर्नस्टाइन म्हणजे ‘टेन कमांडमेंट्स’ला संगीत देणारा माणूस. त्याच्याकडून इथे विनोदी टुणटुण करून घेतलेली नाही. पोरं चिलटासारखी वागत असतात आणि मागे वाद्यवृंद मात्र एखाद्या राज्याभिषेकासारखा गंभीर. त्यामुळे घोडा चोरणं हे पानिपत वाटायला लागतं. त्या वयात आपल्याला तसंच वाटत असतं की.

आता तक्रारीकडे येते, कारण तक्रार केल्याशिवाय मी कुंपणापासून हलत नाही. शिडी लावून मुलींच्या खिडकीत डोकावायचं, हे मला हसू न येता पाहावं लागलं. पिंटोबरोबर असलेली मुलगी तेरा वर्षांची निघते, त्यात विनोद कसला? मेलेल्या मुलीच्या नावाने खोटं रडून तिच्या मैत्रिणीला फिरायला नेणं, तेही तसंच. दुसऱ्या दिवशी कुंपणावर अण्णांना हे सगळं सुनावलं. अण्णा म्हणाले, “तेव्हा आम्हाला ते दिसलंच नाही.” मी म्हटलं, “तुम्हाला सोफा बरा दिसला.” माई आतून खोकल्या.

आणि त्या घरांचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. सिनेमात छळ करणारे ओमेगावाले आहेत. अंधाऱ्या खोलीत अंडरपँटवर ओणवं करून फळीनं फटके मारतात आणि पोरगा प्रत्येक फटक्याला आणखी एक द्या म्हणतो. तो पोरगा म्हणजे केव्हिन बेकन, त्याचा पहिलाच सिनेमा. प्रेक्षक या प्रकाराला हसतात, डेल्टावाल्यांच्या बाजूने. पण ज्या डार्टमथच्या घरावरून डेल्टा निघाला, त्या खऱ्या घराची मान्यता विद्यापीठानं २०१५ मध्ये काढून घेतली. कारण काय, तर नव्या पोरांच्या अंगावर डाग दिले होते. आपल्याकडे रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला, तोही उगीच नाही आला.

तरी सिनेमा चालूच आहे. २००१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत घातला. ओरेगनच्या फुटबॉलच्या सामन्यात तिसरा डाव संपला की अख्खं स्टेडियम ह्यातल्या टोगा पार्टीतल्या ‘शाउट’ गाण्यावर नाचतं. नाव घालू नका अशी ज्या विद्यापीठाची अट होती, तेच हे.

एवढं का टिकलं असेल, यावर आम्ही दोघं दोन दिवस भांडलो. अण्णांचं म्हणणं, १९७८ च्या लोकांना व्हिएतनाम आणि वॉटरगेटच्या आधीचं, १९६२ चं कॉलेज हवं होतं, जिथे सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे एक डीन. असेल. पण मग आजच्या पोरांना काय त्याचं? मला वेगळंच वाटतं. तो सिनेमा बघताना एकही माणूस स्वतःला ओमेगा समजत नाही. डीन समजणं तर दूरच. आमचे हेडसरच घ्या. सह्यांचा कागद लिहिणारे. गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी त्यांनीच रंगवून सांगितलं होतं की वसतिगृहात असताना रेक्टरच्या खोलीत गाढव बांधलं होतं आणि त्याच्या गळ्यात रेक्टरांचंच उपरणं घातलं होतं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. प्रत्येकाच्या आठवणीत आपण डेल्टातलेच असतो.

शूटिंगच्या वेळीही तेच झालं म्हणे. लँडिसनं डेल्टाच्या नटांना पाच दिवस आधी बोलावून त्यांची गट्टी जमवली. एकानं तर हॉटेलच्या लॉबीतला पियानो उचलून आपल्या खोलीत नेला आणि रोज रात्री तिथे मैफल. ओमेगाचे नट मागून आले, ते बाहेर. नुसते नट होते हो ते, एकाच सिनेमाचे पगारी. तरी महिनाभर त्यांना कुणी जवळ केलं नाही.

हे सांगून झाल्यावर अण्णा जरा थांबले, आणि मी तो प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यात रविवारपासून होता.

“अण्णा, लॅरी आणि केंट उठून डेल्टाकडे गेले. मग जगदीश?”

“म्हणजे?”

“तो कुठे गेला? डेल्टानं त्याला घेतलं का?”

अण्णा बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तो सिनेमा दहा-बारा वेळा तरी पाहिला असेल. पाइप कुंडीत तसाच वाहत होता आणि पाणी माझ्या बाजूला यायला लागलं होतं. “अहो, मी पिंटोकडेच बघत होतो,” ते शेवटी म्हणाले. “मला वाटायचं तोच मी.”

मी कागद परत घेतला. सही त्यांनी केली नाही आणि मीही फार आग्रह केला नाही. टरफलं मात्र मी त्या पोरांकडूनच उचलून घेतली.

सिनेमाच्या शेवटी एकेकाचं चित्र थांबतं आणि खाली पाटी येते, पुढे ह्याचं काय झालं. ब्लूटो सिनेटर झाला. छळवादी नीडरमायरला व्हिएतनाममध्ये त्याच्याच सैनिकांनी मारलं. ओमेगाचा म्होरक्या निक्सनच्या व्हाइट हाउसमार्गे तुरुंगात गेला. डेल्टातला बून आणि त्याची मैत्रीण केटी यांचं १९६४ मध्ये लग्न झालं आणि १९६९ मध्ये मोडलं. काल रात्री मी त्या पाट्या पुन्हा थांबवून थांबवून वाचल्या. पिंटोची आहे, केंटची आहे, ओमेगावाल्यांच्या बाजूला मिरवणाऱ्या त्या बॅब्सचीसुद्धा आहे. जगदीशची नाही.